जास्तीचा साबण

कारखान्यात तिला तोंडावर मॅडम म्हणत आणि पाठ वळली की साबणबाई. तिला ते ठाऊक होतं. त्यात वाईट वाटण्यासारखं तिला काही दिसत नव्हतं, कारण नाव कामावरूनच पडलेलं होतं. घरी मात्र ती धाकटी. आईही धाकटे म्हणूनच हाक मारी, थोरली बहीणही. पस्तिशी उलटली, कानाजवळचे केस पांढरे व्हायला लागले, तरी त्या घरात तिचं धाकटेपण काही संपलं नाही.

तिच्या कारखान्यात चीक तयार होई. रबराचे डोळ्यांना न दिसणारे कण पाण्यात तरंगत असलेलं हे दुधासारखं पांढरं द्रव. दुसरे कारखाने ते विकत घेत, त्यात हाताच्या आकाराचे साचे बुडवत, वाळवत, आणि साच्यावरून दवाखान्यात वापरतात ते पातळ हातमोजे सोलून काढत. झाडाच्या चिकासारखं दिसतं म्हणून कामगार त्याला चीक म्हणत, बाकी झाडाशी त्याचा काही संबंध नव्हता.

हे रबर ज्या द्रव्यांपासून होतं त्यांचं आणि पाण्याचं जमत नाही. तेल-पाण्यासारखी गत. मधे मध्यस्थ लागतो, आणि तो मध्यस्थ म्हणजे साबण. साबणाच्या रेणूचं एक टोक पाण्याशी सलगी करतं, दुसरं तेलाशी. पाण्यात पुरेसा साबण पडला की त्याचे रेणू तेलकट टोकं आत घेऊन इवलेइवले पुंजके करून बसतात. त्या पुंजक्यांच्या पोटात द्रव्यं शिरतात, रेणूला रेणू जोडत लांबच लांब साखळ्या होतात, आणि बघता बघता पुंजक्याचा रबराचा कण होतो. मग साबण त्या कणाभोवती पांघरुणासारखा राहतो, म्हणून शेजारचा कण त्याला येऊन चिकटत नाही. साबण कमी पडला तर कण उघडे पडतात, एकमेकांना मिठ्या मारतात आणि नासलेल्या दुधासारख्या गुठळ्या होतात. साबण वाढवला तर पुंजके वाढतात, कण जास्त आणि बारीक होतात, सगळं काम झपाट्याने उरकतं आणि उष्णताही तशीच झपाट्याने सुटते. कोणता साबण, किती आणि कधी टाकायचा, हे ठरवणं ही धाकटीची नोकरी.

थोरली, म्हणजे ताई, शहरातल्या मोठ्या इस्पितळात ऑपरेशन थिएटरची नर्स होती. वडील लवकर गेले तेव्हा ताईने आपलं पुढचं शिक्षण गुंडाळून ठेवलं, नर्सिंगला गेली, आणि तिच्या नोकरीवर धाकटी शिकली. मधे ताईचं लग्न झालं. ते टिकलं नाही. ती परत आली तेव्हा आईने का म्हणून विचारलं नाही, नुसतं तिचं अंथरूण जुन्या जागी घातलं. तेव्हापासून तिघी एकत्र राहत होत्या, तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांत.

थिएटरमध्ये ताईचा दरारा होता. डॉक्टर नजर न उचलता हात पुढे करत आणि मागण्याआधी हवं ते हत्यार त्यांच्या तळहातावर पडे. नवशिकी डॉक्टर मंडळी तर तिला डॉक्टरांपेक्षा जास्त भीत. घरी आल्यावर ती त्यांच्या नकला करी आणि आई पोट धरून हसे.

धाकटीच्या चिकापासून हातमोजे व्हायला लागले तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद ताईला झाला. त्या मोज्यांच्या कंपनीचं नाव तिने धाकटीकडून विचारून घेतलं, इस्पितळाच्या भांडारात जाऊन तिथल्या माणसाच्या मागे हात धुऊन लागली, आणि तेच मोजे मागवायला लावले. मग थिएटरमध्ये नवं खोकं फोडलं की ती सगळ्यांना ऐकवायची, "माझ्या बहिणीचे मोजे आहेत. फाटले तर मला सांगा, मी घरी जाऊन तिचा कान धरते."

असं सगळं छान चाललेलं असताना कारखान्यात चीक नासायला लागला.

घाणा, म्हणजे चिकाची एक खेप, लागला की चार-दोन तास बरा चाले आणि शेवटी शेवटी गुठळ्या धरायला लागे. धाकटीने शोध घेतला तेव्हा दुखणं पाण्यात निघालं. पाणी शुद्ध करणारं यंत्र जुनं झालं होतं, त्यातून क्षार सुटत होते, आणि क्षार वाढले की साबणाचं पांघरूण विस्कटतं. यंत्र दुरुस्त करायचं तर कारखाना काही दिवस बंद ठेवावा लागणार होता. कारखान्याचे साहेब म्हणाले, "करू, करू. हातातल्या ऑर्डरी संपू द्या." ऑर्डरी काही संपत नव्हत्या.

गुठळ्या झाल्या की त्या आतून खरवडाव्या लागत. हे काम तात्यांचं. तात्या म्हणजे मोठा हंडा चालवणारे जुने कामगार. हंडा म्हणायचं आपलं, एरवी ते दोन मजली उंच, बंद झाकणाचं पोलादी पात्र होतं. ते रिकामं करून, आतली हवा तपासून, कमरेला दोर बांधून तात्या वरच्या गोल तोंडातून आत उतरत आणि भिंतींवरचं रबर खरवडत बसत. बाहेर आले की त्यांना सरळ उभं राहता येत नसे.

"आत काय आहे?" धाकटीने एकदा विचारलं.

"रबराचं रान माजलंय," तात्या कमरेवर हात ठेवून म्हणाले. "माझ्या बायकोला सांगू नका, मॅडम. तिला वाटतं मी पंख्याखाली बसून बटणं दाबतो."

त्यांच्या पाठीकडे बघून धाकटीला कसंतरीच झालं. प्रयोगशाळेत येऊन तिने काचेच्या भांड्यात छोटा घाणा लावला आणि साबण जवळजवळ दीडपट केला. पाणी तेच, क्षार तेच, पण चीक गुठळ्यांशिवाय निघाला. पुढच्या आठवड्यात मोठ्या हंड्यातही तसंच केलं.

"अंगात आल्यासारखा चालतोय हो," तात्या म्हणाले. कण वाढल्यामुळे घाणा नेहमीपेक्षा लवकर संपला होता, थंड पाण्याचे नळ सगळेच्या सगळे उघडावे लागले होते. पण हंड्याची भिंत आरशासारखी स्वच्छ राहिली. तात्यांना उतरावं लागलं नाही. साहेबांनी धाकटीला बोलावून चहा पाजला. पाण्याचं यंत्र दुरुस्त करण्याची गोष्ट मग कोणी काढेना.

एवढा जास्तीचा साबण जाणार कुठे, हा विचार तिच्या मनात आला नाही असं नाही. आला होता. साबण चिकात राहणार, चिकातून मोज्यात जाणार. पण मोजेवाले मोजे गरम पाण्यातून धुऊन काढतात, हे तिला माहीत होतं. धुतात की ते, असं म्हणून तिने तो विचार बाजूला सारला. दुसऱ्याच्या अंगणात ढकललेला केर आपल्या डोळ्याला दिसत नाही, तसं झालं.

मग एके दिवशी मोज्यांच्या कारखान्यातून फोन आला. तिथले तंत्रज्ञ म्हणजे एक मऊ आवाजाचे गृहस्थ होते. धाकटीने त्यांना कधी पाहिलेलं नव्हतं, फोनवरच ओळख.

"बाई, चिकात काही बदल केलाय का तुम्ही? आमच्या टाकीत फेस फार यायला लागलाय."

काचेपलीकडे साहेब कोणाशी तरी हसत बोलत होते. साबण दीडपट केला असं सांगितलं असतं तर का म्हणून विचारणं झालं असतं, मग पाण्याचं यंत्र निघालं असतं, मग पुढचं सगळं. कदाचित ऑर्डरच थांबली असती.

"नाही, विशेष काही नाही," धाकटी म्हणाली. "थोडंफार इकडेतिकडे होतच असतं. फेस मारायचं औषध जरा वाढवून बघा."

"बरं बरं. तुम्ही म्हणता म्हणजे ठीकच असेल," ते म्हणाले आणि त्यांनी आभार मानून फोन ठेवला.

त्यानंतर काही महिन्यांनी ताईच्या बोटांच्या बेचक्यांत लाली दिसायला लागली.

आधी कोणी मनावर घेतलं नाही. नर्सचे हात, दिवसातून कितीदा धुवावे लागतात, लाल व्हायचेच. मग खाज सुटली. मग बोटांच्या पेरांवर कातडी कोरडी पडून तडकायला लागली. आईने सगळं खापर भांडी घासायच्या साबणावर फोडलं.

"हा मेला नवा साबणच वाईट," आई म्हणाली. "उद्यापासून हा घरात नको. धाकटे, तुला एवढं साबणातलं कळतं, तर बहिणीसाठी एक सौम्य साबण आणता येईना तुला?"

धाकटीने सौम्य साबण आणला. ताईला भांड्यांना हातच लावू दिला नाही. तरी हात बिघडतच गेले. तडकलेल्या जागांतून रक्त यायला लागलं. ताई सकाळी आईचे केस विंचरून द्यायची, ते बंद झालं, कारण केस तिच्या भेगांत अडकत आणि तिच्या डोळ्यांत पाणी उभं राही. आईला नीट दिसत नव्हतं, पण डोक्यावरचा हात थांबला की तिला कळे. "राहू दे गं," ती म्हणायची, "मला कुठे मिरवायचंय."

ताई त्वचेच्या डॉक्टरांकडे गेली, धाकटी बरोबर होती. डॉक्टरांनी पाठीवर पट्ट्या चिकटवून चाचण्या केल्या. कशाचीच अॅलर्जी निघाली नाही.

"काहीतरी रोजचं लागतंय हातांना," डॉक्टर म्हणाले. "मोज्यांच्या आत घाम, ओल, आणि त्यात काहीतरी असं, की कातडीचं स्वतःचं तेल धुऊन निघतंय. तेल गेलं की कातडी उघडी पडते. थिएटरमध्ये आणखी कोणाला होतंय का असं?"

"दोघीतिघींना आहे," ताई म्हणाली. "माझ्याइतकं नाही."

डॉक्टर पुढे मलमाचं सांगत होते. धाकटीला त्यातलं काही ऐकू आलं नाही. तेल धुऊन काढणं म्हणजे काय, हे त्या खोलीत तिच्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं. ताई औषधाच्या दुकानापर्यंत बोलत बोलत चालली होती आणि ती नुसती हं, हं म्हणत होती.

दुसऱ्या दिवशी तिने ताईच्या पिशवीतून मोज्यांचं एक खोकं कारखान्यात नेलं. प्रयोगशाळेच्या फडताळात साबण वाढवण्याआधीच्या चिकापासून केलेले नमुन्याचे मोजे पडून होते. दोन बाटल्या घेतल्या, दोन्हींत कोमट शुद्ध पाणी भरलं, एकीत जुने मोजे कातरून टाकले, दुसरीत नवे. जेवणाची सुट्टी होईपर्यंत तशाच ठेवल्या. मग बुचं लावून दोन्ही बाटल्या सारख्याच हलवल्या.

जुन्या मोज्यांच्या पाण्यावर चार बुडबुडे आले आणि विरले. नव्या मोज्यांच्या बाटलीत फेस गळ्यापर्यंत चढला आणि तसाच बसून राहिला. धाकटी जेवायला गेली नाही. जेवून परत आलेल्या प्रयोगशाळेतल्या मुलींनी विचारलं, "मॅडम, कसला फेस?" तेव्हा तिने बाटली मोरीत ओतली आणि म्हणाली, "काही नाही गं, बाटली धुवायची होती."

आता लगेच जाऊन सांगायचं, असं तिने ठरवलं. पण ठरवणं आणि करणं यांत अंतर पडत गेलं. साहेब बाहेरगावी होते, ते एक निमित्त. हातांना दुसरंच काही होत असेल, एका बाटलीने काय सिद्ध होतं, हे दुसरं. ताईपुरतं तिने एवढं केलं की ते मोजे बंद करायला लावले, दुसरे आणून दिले, म्हणाली, "बदलून बघ, डॉक्टर म्हणाले ना मोज्यांचं." बाकीच्या नर्सांच्या हातांत काय जात होतं, ते तिने बघितलं नाही.

या दिवसांत रोज संध्याकाळी ताईच्या हातांना मलम लावायचं काम तिने आपणहून अंगावर घेतलं होतं. जेवणं झाली की ती ताईसमोर बसे, एकेक बोट धरून भेगांत हलकेच मलम भरे, वर सुती मोजे चढवी. ताई म्हणायची, "तुझा हात किती हलका आहे गं. तू नर्स व्हायला हवी होतीस, आणि मी आपली साबण ढवळत बसले असते." धाकटी मान खाली घालून बोटांकडे बघत राही. ताईने असं काही म्हटलं की तिला ते चापटीसारखं लागे. आई पलीकडून म्हणे, "बहीण असावी तर अशी." मग तर तिला तिथून उठून जावंसं वाटे, पण हातात ताईचा हात असे.

असे पंधरा-वीस दिवस गेले. मग ताई एका दुपारीच घरी आली. थिएटरमधून तिला काढलं होतं. उघड्या जखमांच्या हातांनी ऑपरेशनला उभं राहता येत नाही, हा नियम इतकी वर्षं तीच इतरांना शिकवत आली होती. मोठ्या डॉक्टरांनी स्वतः येऊन सांगितलं, तेही खाली बघत. हात बरे होईपर्यंत तिला कागदपत्रांच्या खोलीत बसवणार होते.

"बरे होतील," धाकटी म्हणाली.

"डॉक्टर म्हणाले, होतील," ताई म्हणाली. "पण पुन्हा दिवसभर मोजे घातले की पुन्हा होईल, असंही म्हणाले. एकदा कातडी अशी हळवी झाली की ती विसरत नाही."

दुसऱ्या दिवशी साहेब आल्या आल्या धाकटी त्यांच्या खोलीत गेली आणि सगळं बोलली. पाणी, साबण, बाटल्या, इस्पितळ. साहेब माणूस वाईट नव्हते, पण त्यांना अडचणीची गोष्ट गोड करून गिळायची सवय होती.

"आपण दूध विकतो," ते म्हणाले. "चहा बिघडला तर दूधवाल्याला कोण धरतं? धुणं त्यांचं काम आहे. नीट धुवायला हवं होतं त्यांनी."

"नीट म्हणजे किती, ते आपण सांगितलं तर त्यांना कळणार," धाकटी म्हणाली. "त्यांनी विचारलं होतं, साहेब. मला फोन करून विचारलं होतं. मी काही नाही म्हणाले."

साहेबांनी पेपरवेट फिरवला. "मग आता तुमचं म्हणणं काय?"

"मी फोन करते. तुमच्या परवानगीने केला तर बरं, नाही तर तसाच करीन."

"करा," साहेब म्हणाले. "पण मी इथे नव्हतो असं समजा." आणि ते खरोखरच उठून बाहेर गेले.

फोनवर त्या मऊ आवाजाच्या गृहस्थांनी मधे एक शब्द न बोलता सगळं ऐकून घेतलं.

"मी विचारलं होतं तुम्हाला," ते म्हणाले.

"हो."

"तुम्ही म्हणालात विशेष काही नाही."

"खोटं बोलले मी."

"आमच्याकडे मोजे तपासून खोक्यांत भरणाऱ्या बायका आहेत," ते म्हणाले. "दिवसभर तेच मोजे हाताळतात. त्यांचेही हात तडकलेत. आम्ही हवेवर ढकललं. मी स्वतः त्यांना म्हणालो, खोबरेल लावा." त्यांचा आवाज चढला नव्हता. तो चढला असता तर धाकटीला सोपं गेलं असतं. "बरं, मी आता माल थांबवतो. तुम्ही मला साबणाचा खरा आकडा पाठवा."

तिने तो पाठवला. ताईच्या इस्पितळातला आणि इतर ठिकाणचा माल परत आला, मोज्यांच्या कारखान्यात धुण्याच्या टाक्या वाढल्या, आणि धाकटीच्या कारखान्याची ऑर्डर अर्ध्यावर आली. कारखाना आपोआपच काही दिवस बंद ठेवावा लागला. तेव्हा पाण्याचं यंत्र दुरुस्त झालं. साबण पुन्हा पहिल्या मापावर आला. धाकटीची नोकरी गेली नाही. तिला वाटलं होतं जाईल, आणि खरं सांगायचं तर गेली असती तर तिला सुटल्यासारखं वाटलं असतं.

फोन केला त्याच संध्याकाळी ती ताईसमोर बसली. मलमाचं झाकण उघडलं आणि पुन्हा लावलं.

"ताई, ते मोज्यांमुळे झालंय."

"माहीत आहे. डॉक्टरांनीच सांगितलं की."

"मोज्यांत साबण जास्त होता. माझा. मी वाढवला होता."

ताईने तिच्याकडे बघितलं. "का?"

धाकटीने सांगितलं. हंडा, गुठळ्या, तात्यांची पाठ. फोनवर विचारलेला प्रश्न आणि तिने दिलेलं उत्तर. आई आतल्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली होती.

ताई शांत होती. थिएटरमध्ये काही बिघडलं की ती अशीच शांत होत असणार. "चुकलीस," ती म्हणाली. "माणूस चुकतं. आमच्याकडेही चुका होतात, आणि आमच्याकडे तर माणसं मरतात." मग तिने विचारलं, "तुला कळलं कधी?"

धाकटी मलमाचं झाकण फिरवत राहिली.

"आज कळलं?"

"नाही. तुझ्या डॉक्टरांकडून आलो ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी."

ताईने आपले हात मांडीवरून उचलून जवळ ओढून घेतले. "म्हणजे तू मला रोज मलम लावत होतीस," ती हळू म्हणाली, "तेव्हा तुला माहीत होतं."

"हो."

"मी तुझ्या हाताचं कौतुक करत होते, तेव्हा."

"हो, ताई."

"आणि माझ्याबरोबरच्या मुली तेच मोजे घालून उभ्या होत्या. त्यांचे हात बघून मी म्हणत होते, मलम लावा, माझी बहीण मला लावते तसं." ताई उठली. "मलम तिथेच ठेव. आई लावेल."

आईला भेगा दिसत नव्हत्या, बोटांनी चाचपत ती लावू लागली. निम्मं मलम सुती मोज्यांना लागे. धाकटी स्वयंपाकघरात उभी राहून भांडी घाशी, आणि पलीकडून आईचं "इथे का? इथे दुखतंय का?" ऐकू येई. ताई तिच्याशी बोलत होती, पण कामापुरतं. दूध आलं का, दार लावलंस का, आईच्या गोळ्या संपल्या. आई एकदा तिच्याजवळ येऊन म्हणाली, "तू लेक आहेस माझी, तुला टाकून थोडीच देईन. पण तिच्या बाजूने मला काही बोलायचं असेल, तर तेही मला बोलू दे." धाकटी म्हणाली, "बोल ना." पण आई नुसता तिच्या पाठीवरून हात फिरवून गेली.

ताईचे हात बरे झाले. म्हणजे भेगा मिटल्या. कातडी मात्र पातळ आणि चकचकीत राहिली, आणि थिएटरमध्ये ती परत गेली नाही. महिन्याभरात तिला नर्सिंग शाळेत शिकवायला पाठवलं. तिथेही तिचा दरारा बसलाच, पण घरी आल्यावर ती नकला करत नसे.

धाकटीने कारखान्यात एक नवंच काम काढलं. साबणाचे असेही प्रकार असतात की ज्यांच्या शेपटीला, म्हणजे तेलकट टोकाला, पकड असते. ते इतर साबणांसारखे कणाच्या अंगावर नुसते पांघरले जात नाहीत, साखळी तयार होत असताना तिच्यातच गुंफले जातात, म्हणून नंतर धुतलं काय आणि घाम आला काय, ते सुटून येत नाहीत. तिने वाचलं होतं, करून कधी पाहिलं नव्हतं. पहिल्याच मोठ्या घाण्याला गुठळ्या झाल्या. साबण फार लवकर गुंफला गेला होता आणि कणांच्या आत गाडला गेला होता, अंगावर उरलाच नव्हता. तात्यांना पुन्हा आत उतरावं लागलं.

दोर धरणाऱ्या माणसाशेजारी ती तोंडाशी उभी राहिली. आतून खरवडण्याचा आवाज येत होता. ती वाकून म्हणाली, "तात्या, माझ्यामुळे हे."

"तुमच्यामुळेच," तात्यांचा घुमणारा आवाज आला. "मग काय झालं? ते आधीचे इतके महिने मी आत उतरलो नाही, तेही तुमच्यामुळेच. त्याची किंमत दुसऱ्यांनी दिली, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर उतरलो असतो की." थोड्या वेळाने ते म्हणाले, "आता बोलू नका, तोंडात रबर जातंय."

पुढे साबण एकदम न घालता थोडाथोडा, घाणा निम्मा झाल्यावर घालायचा, अशी युक्ती सापडली. चीक नीट निघायला लागला. त्याचे मोजे धाकटी स्वतः दिवसभर घालून वावरायची. मोजेवाल्या गृहस्थांनी ते मागवले, तेव्हा फोनवर त्यांनी एकेक गोष्ट तीन-तीनदा विचारली. तिने तीनदा सांगितली. ते पूर्वीसारखं "तुम्ही म्हणता म्हणजे ठीकच" म्हणत नव्हते, आणि तिला ते रास्तच वाटत होतं.

एका रविवारी ताई पेपर वाचता वाचता म्हणाली, "त्या साबणाचं नेमकं काय होतं पाण्यात, ते मला एकदा नीट सांग. त्या दिवशी मी ऐकलं नव्हतं."

धाकटीने सांगितलं. ताईने मधेमधे प्रश्न विचारले. पुंजके कितपत लहान, साबण कातडीत किती आत जातो, मोजा घालण्याआधी हात ओला असला तर काय. सगळं ऐकून ती म्हणाली, "मुलींना हे कोणी शिकवत नाही. त्यांना वाटतं मोजा घातला की हात सुरक्षित. बुधवारी ये शाळेत. सुट्टी काढ."

बुधवारी धाकटी गेली. लांबट वर्ग होता, पांढऱ्या गणवेशातल्या मुली, खिडक्या उघड्या. ताई फळ्यापाशी उभी राहिली आणि म्हणाली, "ही माझी धाकटी बहीण. चीक करण्याच्या कारखान्यात आहे. हिच्या साबणाने माझे हात गेले. तेव्हा ती काय सांगते ते लक्ष देऊन ऐका, हिच्याइतकं याबद्दल कोणाला ठाऊक नाही." आणि ती मागच्या बाकावर जाऊन बसली.

हसावं की नाही, या विचारात मुली पडल्या. धाकटीने खडू उचलला, फळ्यावर साबणाचा एक रेणू काढला, डोकं आणि शेपूट, आणि बोलायला लागली. फोनवरच्या प्रश्नापर्यंत आली तेव्हा तिने मागच्या बाकाकडे बघितलं नाही. तिथून गाळून पुढे जाता आलं असतं, वर्गात कोणाला कळलं नसतं. तिने तेही सांगितलं, आणि नंतरचे मलम लावण्याचे दिवसही.

परत येताना दोघी बसथांब्यापर्यंत चालत आल्या. ताईने पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

"भरभर बोलतेस," ती म्हणाली. "मुलींना लिहून घ्यायचं असतं. पुढच्या वेळी जरा दमाने घे."

पुढच्या वेळी, असं ती म्हणाली होती. याचा अर्थ काय घ्यायचा, हे धाकटीने विचारलं नाही. बस आली, गर्दी नव्हती, आणि ताई खिडकीशी बसली.